वाक्प्रचारांची घोकंपट्टी आणि सरकारी पत्र

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस, हे ज्याला ठाऊक नाही तो केंद्र सरकारच्या कार्यालयात काम करण्यास कमी पात्र ठरतो, असे आपली परीक्षापद्धती मानते. मला हे मान्य नाही.

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत इंग्रजी वाक्प्रचारांवर प्रश्न असतात. चार पर्याय, त्यांतील एक बरोबर. त्यासाठी दिल्लीपासून हैदराबादपर्यंतच्या शिकवणी वर्गांत मुले शेकडो वाक्प्रचार घोकतात. महाराष्ट्राबाहेर वाढलेली आपली मराठी मुलेही त्यांत आहेत. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे त्यांना झोपेतही सांगता येते. परंतु कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फाइलीत असा शब्दप्रयोग कोणी करील काय? इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी एकही टिप्पणी माझ्या पाहण्यात नाही.

मग हे ज्ञान तपासायचे कशाला? अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याचे उत्तर दिले आहे. शिक्षणाने कार्यक्षमता वाढली नाही तरी ते मालकाला एक 'संकेत' म्हणून उपयोगी पडते, कारण तो संकेत मिळवणे सर्वांना सारखे स्वस्त नसते. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत त्याला हे वाक्प्रचार फुकट मिळतात; शेतमजुराच्या मुलीला ते शुल्क भरून विकत घ्यावे लागतात. म्हणजे ही चाळणी गुणवत्तेची नसून घरच्या परिस्थितीची आहे.

इंग्रजी नको, असे माझे म्हणणे नाही. केंद्राचा बराचसा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो आणि तो समजलाच पाहिजे. पण कार्यालयाचे स्वतःचे वाक्प्रचार निराळे आहेत. 'अंडर ॲक्टिव्ह कन्सिडरेशन' याचे खरे मराठी भाषांतर 'भिजत घोंगडे' असे आहे. 'डू द नीडफुल' म्हणजे काय करायचे ते तुम्हीच ठरवा. 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी' म्हणजे ज्याचे नाव अर्जदाराला कळता कामा नये असा अधिकारी. सामान्य माणसाचे आयुष्य अडते ते या शब्दांत, आणि हे शब्द टाळायला मात्र आपण कोणालाच शिकवत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. उत्तर त्याला समजेल अशा भाषेत द्यावे, असे बंधन मात्र तेथे नाही. ही उणीव कर्मचाऱ्याच्या लेखणीनेच भरून काढायची असते. ब्रिटनच्या अर्थखात्याला हे उमगले होते. त्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' १९४८ साली प्रसिद्ध झाले, ते सरकारी नोकरांनी सोपे लिहावे म्हणूनच. आपण साहेबाची भाषा ठेवली आणि त्याने स्वतःला लावलेली शिस्त तेवढी सोडून दिली.

आपण उलट काय केले पाहा. याच परीक्षेत निबंध, पत्र, सारांश असे हाताने लिहिण्याची एक प्रश्नपत्रिका होती. २०२२ च्या परीक्षेपासून ती वगळण्यात आली. वाक्प्रचार राहिले, पत्र गेले! लाखो उत्तरपत्रिका तपासणे अवघड असते, हे मी जाणतो. पण मोजायला सोपे तेच मोजायचे ठरवले, तर निवडही तशीच होणार.

माझी सूचना साधी आहे. उमेदवाराला एक क्लिष्ट आदेश द्यावा आणि तो अर्जदाराला कळेल अशा सहा वाक्यांत, त्याला अवगत असलेल्या भारतीय भाषेत किंवा इंग्रजीत, लिहायला सांगावे. नमुना कायद्यातच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(८) प्रमाणे अर्ज फेटाळताना कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे, हे कळवावे लागते. एवढे स्वच्छ लिहिता येणाऱ्याला मांजरा-कुत्र्यांचा पाऊस ठाऊक नसला तरी राज्यकारभाराचे काहीही बिघडणार नाही.