बारा आण्यांचा मसाला

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या घरांत दोन भाषा नांदतात, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या. विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून कचेरी हिंदीत आणि ओसरी मराठीत, ही वाटणी आम्ही बिनतक्रार पत्करली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी वाटणी तीच राहिली. माझी तक्रार आहे ती वेगळ्याच एका वाटणीबद्दल. आमच्याकडे मोठी मोटारसायकल घेतली जाते हिंदीत आणि फेडली जाते मराठीत. शोरूममधली 'आसान किस्त' घरी आली की तिचा 'हप्ता' होतो. आणि हप्ता आसान असल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

मी मोटारसायकलचा वैरी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. दादांची राजदूत आमच्या अंगणात उभी असे, तेव्हा गल्लीतली पोरे तिच्या आरशात तोंड पाहायला येत. हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली १९८५ साली; मी ती घेतली १९९२ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून. तिला मी तीन वस्तू लावल्या होत्या : सीटचे कव्हर, पुढचा लेग गार्ड आणि साडी गार्ड. त्या गाडीवर शाळा झाली, बाजार झाला, जामसावळीचा मारुती झाला, सासुरवाडी झाली. तिने घराला काय दिले आणि घराकडून काय घेतले, याचा हिशेब एका पानात मावत असे.

आता ज्या गाडीबद्दल लिहितो आहे ती वेगळी. ती प्रवासाची गाडी. तिच्यावर बाजाराला जायचे नसते, लडाखला जायचे असते. माझ्या पुतण्याने ती २०२२ च्या दसऱ्याला घेतली. जामीन म्हणून सही केली मी. पेढे वाटले मी. गाडीला हार घातलेल्या फोटोत दादांच्या शेजारी हसत उभा आहे तोही मीच. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी कोण, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आपल्याकडे म्हण आहे : चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. म्हण जुनी असली तरी एका बाबतीत ती आजच्या बाजारापेक्षा प्रामाणिक होती. मसाल्याचे बारा आणे तिने निदान मोजले होते. आज कोंबडीचा भाव मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिलेला असतो आणि मसाला चिमूट चिमूट करून तीन वर्षे विकला जातो. चिमटीचा हिशेब कोण ठेवतो?

मी ठेवला. शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला, त्या रात्री वही घेऊन बसलो. पाटीवरची किंमत होती २,६५,००० रुपये. रस्ता कर, नोंदणी, विमा मिळून ४५,००० वर. यात फसवणूक काही नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासूनचा आहे. आणि ३५० सी.सी.वरच्या इंजिनाला २०२२ च्या दरपत्रकाने त्यापोटीच १५,११७ रुपये पडत. दीडशे सी.सी.पर्यंतच्या साध्या गाडीला त्याच पाच वर्षांचे ३,८५१. इंजिन मोठे घेतले की असा प्रत्येक आकडा मोठा होतो, हे मात्र पाटीवर लिहिलेले नसते. ६०,००० रोख भरले, अडीच लाखांचे कर्ज काढले. दरमहा ८,१८५ रुपये, छत्तीस महिने. गुणाकार करा : २,९४,६६०. म्हणजे ४४,६६० रुपये नुसते व्याज. ते साठ हजार रोख आले कुठून? वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. गाडीवर बसायला वहिनींना आजवर सवड मिळालेली नाही. खरे म्हणजे बसायला जागाच उरली नाही, कारण मागे पेटी बसली.

ही पेटी म्हणजे मसाल्याची सुरुवात. दोन बाजूंच्या दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या व त्यांच्या लोखंडी चौकटी ३२,०००. मागची पेटी ९,०००. लेग गार्ड ४,५००. इंजिनाखालची पत्रा-ढाल ३,५००. पुढची उंच काच ३,८००. जादा दिव्यांची जोडी, वायरिंगसकट ७,५००. मोबाईलचा स्टँड आणि चार्जर २,७००. 'लांब पल्ल्याची' सीट ५,५००; मूळ सीट आता माळ्यावर उंदरांच्या सेवेत आहे. जॅकेट, हातमोजे, बूट, रेनसूट २२,५००. आणि सगळ्यांत शेवटी, पैसे संपल्यावर, रस्त्याकडेच्या ठेल्यावरून हेल्मेट : १,१०० रुपये. बेरीज ९२,१००.

वाचकहो, हा क्रम जरा पुन्हा वाचा. पेट्यांना बत्तीस हजार आणि डोक्याला अकराशे! १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाखेरीज दुचाकीचे हेल्मेट विकणे देशात बेकायदा आहे. आयएस ४१५१ हे त्या मानकाचे नाव. ठेल्यावरच्या हेल्मेटवर ते चिन्ह नव्हते. पुतण्याने पाहिले नाही, मीही विचारले नाही. पेटीचे कुलूप मात्र आम्ही दोघांनी तीनदा उघडून पाहिले होते.

आणखी एक गोष्ट. गाडी घरी आली त्याच आठवड्यात साडी गार्ड काढून टाकला गेला. का? तर 'लुक' जातो. मागच्या बसणाऱ्यासाठी हातधरणी, पायदान आणि मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. अख्ख्या गाडीवर घरातल्या बाईसाठी म्हणून जी एक वस्तू होती, ती आधी गेली. जिच्या पाटल्या गेल्या, तिचाच गार्ड गेला. मला यापुढे भाष्य करायची गरज वाटत नाही.

बरे, लावलेल्या वस्तू फुकट बसून खातात असेही नाही. त्या गाडीकडूनही वसुली करतात. मागे वीस-पंचवीस किलो वजन टांगले की पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. उंच काच आणि रुंद पेट्या वारा अडवतात, तो वारा पेट्रोल पितो. आणि पेट्रोल शंभरीपार गेलेले आहे. गाडीत वीज तयार होते ती मोजकी. तिच्यावर जादा दिवे आणि चार्जर जोडले की बॅटरी लवकर मान टाकते. वायर कापून जोड दिला की बिघाडाच्या वेळी दुरुस्तीवाला तेवढ्याकडे बोट दाखवतो आणि हमी संपली म्हणतो. सायलेन्सर बदलण्याचा मोह आमच्या घरात सुदैवाने झाला नाही. मूळ रचनेत असे मनमानी फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

आमच्या सीमेवरच्यांना तर एक जादाचा भुर्दंड आहे. पोरे नागपुरात शिकतात, तिथेच नोकरी धरतात, गाडीही तिथेच घेतात. एम.एच. ३१ चा नंबर पांढुर्ण्यात मिरवायला बरा वाटतो. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे त्याच कायद्याचे ४७ वे कलम. मग तिकडचे ना-हरकत पत्र, इकडचा कर, आणि तिकडे भरलेल्या करातून काही परत मिळावे म्हणून नागपूरच्या फेऱ्या. विकणारा हे सांगत नाही, कारण ते त्याचे काम नाही. सांगायला हवे ते आपण, घरातल्यांनी. आणि आपण त्या वेळी पेढे वाटत असतो.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. तीन वर्षांची सर्व्हिसिंग १६,०००, टायरची जोडी १३,५००, चेन-स्प्रॉकेट ६,५००, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दोन वर्षांचा विमा ९,०००. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ती लडाखची एक वारी : पेट्रोल, मुक्काम, जेवण मिळून ४८,०००. साऱ्याची बेरीज ५,३९,७६०. पाटीवर होते २,६५,०००. दुपटीहून वर गेले, आणि रोजचे पेट्रोल मी धरलेलेच नाही.

दवाखान्याचे ३८,००० देखील धरलेले नाहीत. २०२४ च्या हिवाळ्यात संध्याकाळी सौंसरहून परतताना मागचा दिवा नसलेली संत्र्यांची ट्रॉली पुढे आली. पुतण्याने गाडी बाजूला काढली, पण पेटीची रुंदी त्याच्या लक्षात राहिली नाही. पेटी ट्रॉलीला घासली आणि तो पडला. हेल्मेटची दोन शकले झाली. कपाळाला नऊ टाके, गळ्याजवळचे हाड मोडलेले. तो वाचला. या वाक्यानंतर पैशांबद्दल बोलणे हलकट वाटते, पण दुसऱ्या दिवशी बोलावेच लागले. विम्याने गाडीची भरपाई दिली, तीही प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे कापून. पेट्या, काच, दिवे यांचे काही मिळाले नाही, कारण नंतर लावलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवून त्यांचा जादा हप्ता भरावा लागतो, हे आमच्यापैकी कोणी वाचले नव्हते. बरी होताच गाडी विकायला काढली, तेव्हा दलालाने तिच्याभोवती एक फेरी मारली, १,४५,००० सांगितले आणि पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "इसका कुछ नहीं मिलेगा." तीन वर्षांत ऐकलेले पहिले खरे वाक्य ते. गाडी विकली नाही. ती अंगणात उभी आहे.

आणि या काळात बागेत काय चालले होते? दादांची दोन एकर संत्रा. ठिबकच्या नळ्या जुन्या झालेल्या, ठिकठिकाणी बुजलेल्या. २०२३ च्या उन्हाळ्याआधी त्या बदलायच्या असे ठरले होते. बदलल्या नाहीत, कारण हप्ता थांबत नाही आणि झाड थांबते. झाड बिचारे तक्रारीचे पत्र पाठवीत नाही. त्या वर्षी अंबिया बहाराची फळे लिंबाएवढी असतानाच खाली पडू लागली. फळगळीला उष्णता, कीड, बुरशी अशी अनेक कारणे असतात. सगळे पाप मी गाडीच्या माथी मारणार नाही. पण पाणी वेळेवर पोचले नाही, हे एक कारण आमचे स्वतःचे होते. दादा काही बोलले नाहीत. सकाळी झाडाखालची फळे टोपलीत भरत राहिले. माझ्या वहीत त्या टोपलीचा आकडा नाही. तो कसा मांडावा हे मला कळलेले नाही.

"मग काका, आम्ही फिरूच नये का?" पुतण्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे : फिर, अवश्य फिर. आपल्या भागातली माणसे महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड चढत आली आहेत; नागपंचमीला नागद्वारी करत आली आहेत. फिरण्याची हौस आपल्या रक्तात आहे, ती कोणी कंपनीने येऊन शिकवलेली नाही. पण लेह पाहून आलेल्या या पोराने पातालकोट अजून पाहिलेला नाही, आणि तो आपल्या छिंदवाड्यातच आहे. तिथे जायला माझी जुनी शंभर सी.सी.ची गाडीही पुरली असती. मग हौस प्रवासाची होती की पेट्यांची? पेट्या तीन वर्षांत एकदाच भरल्या गेल्या. एरवी उजव्या पेटीत रेनसूट असतो आणि डावीत पावत्या.

कोणी म्हणेल, तरुणांच्या आनंदाला हा म्हातारा आण्या-पैशांत मोजतो. आनंद मोजू नये, मान्य. पण आनंद एकाचा आणि मोजणी दुसऱ्याची, असे असेल तर मोजलेच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जी.एस.टी. आहे. सरकारनेसुद्धा चैन कुठे सुरू होते याची रेघ आखली. आपल्या घरात ती रेघ कोण आखणार?

म्हणून सांगतो. येत्या पाडव्याला वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर गाडीची किंमत लिहू नका, तीन वर्षांची बेरीज लिहा. व्याज, विमा, टायर, वारी, सगळे. ती बेरीज मराठीत मोठ्याने वाचा, आणि जिचे दागिने गहाण पडणार आहेत तिला समोर बसवून वाचा. हेल्मेट सर्वांत आधी घ्या, चिन्ह पाहून घ्या. जॅकेट, हातमोजे, बूट ही चैन नव्हे. बाकीच्या वस्तू गाडी पाच हजार किलोमीटर चालल्यावर, खरोखर अडल्यास, एकेक करून. साडी गार्ड काढू नका. आणि जामीन राहणाऱ्या काकांनो, पेढ्यांआधी पेन्सिल काढा.

माझ्यापुरते सांगायचे तर पाटल्या सुटल्या आहेत, ठिबकच्या नव्या नळ्या माझ्या निवृत्तिवेतनातून आल्या आहेत. जामिनाची ही सही मला जरा महागात पडली. पण ती माझी होती. पुतण्याने मागच्या आठवड्यात पेट्या आपल्या हाताने उतरवल्या, आणि माळ्यावरची सीट झटकून, उंदरांनी कुरतडलेल्या जागी ठिगळ लावून पुन्हा बसवली. वहिनींना पातालकोट दाखवून आणतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "आधी साडी गार्ड लाव."