राजुल हे नाव अशुभ आहे काय?

नातीचे नाव ‘राजुल’ ठेवावे, अशी सुनेची इच्छा आहे. पण जिच्या दारातून वरात परत गेली तिचे नाव मुलीला कसे द्यावे, असा प्रश्न अलिबागच्या एका आजींनी या सदराकडे पाठविला आहे. त्यांच्या थोरल्या मुलीची सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली, त्यामुळे मन अधिकच कचरते, असेही त्या लिहितात. शंका प्रामाणिक आहे. तिचा विचार नावाच्या अर्थापासूनच करू.

मूळ नाव राजीमती. संस्कृतात ‘राजी’ म्हणजे ओळ, रेषा. ‘वनराजी’ या शब्दातून ती आपल्या परिचयाची आहे. ‘राज्’ या धातूचा अर्थ शोभणे, झळकणे. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात तिच्या कांतीला विजेची उपमा दिली आहे. तेव्हा तेजाची रेषा हाच अर्थ मनात उभा राहतो. प्राकृतात ती राईमई झाली आणि लोकभाषेत लाडाने राजुल. तिच्या नियोजित वराचे नाव अरिष्टनेमी. नेमी म्हणजे चाकाची धाव. ज्याच्या चाकाची धाव अभंग, तो अरिष्टनेमी.

ते चाक विवाहाच्या वाटेवरून मागे वळले. लग्नाच्या भोजनासाठी कोंडलेले भयभीत पशू नेमिकुमारांनी पाहिले, सारथ्याला कारण विचारले, अंगावरचे अलंकार त्याला देऊन टाकले आणि विवाहाकडे पाठ फिरविली. आबूजवळ देलवाड्याला वस्तुपाल-तेजपाल या मंत्रीबंधूंनी वि. सं. १२८७ मध्ये नेमिनाथांचे लूणवसही मंदिर प्रतिष्ठित केले. तेथील छतावर ही वरात आणि ते कोंडलेले पशू संगमरवरात कोरलेले आहेत.

कवी मात्र राजुलपाशी थांबले. विनयचंद्रसूरींची ‘नेमिनाथ चतुष्पदिका’ ही तेराव्या शतकातील जुनी गुजराती रचना म्हणजे राजुल आणि तिची सखी यांच्या संवादातून उलगडणारा बारमासा. त्याचा आरंभ श्रावणापासून होतो. आपल्या किनाऱ्यावरील वाचकाला श्रावणाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाट बंद असे. प्रवासाला गेलेला व्यापारी त्या दिवसांत घरी असावा, ही घरोघरची अपेक्षा. सर्वांची माणसे घरी असताना एकीचेच आले नाही, ही वेदना आपल्या पूर्वजांच्या घरांना ठाऊक होती.

आगम मात्र तिच्या अश्रूंपाशी थांबत नाही. राजीमतीने स्वतःच्या हाताने केशलोच करून दीक्षा घेतली. रैवतक पर्वताकडे जाताना पावसाने भिजून तिने एका अंधाऱ्या गुहेचा आश्रय घेतला. तेथे नेमिनाथांचे बंधू रथनेमी हे मुनी असूनही तिला पाहून विचलित झाले. तिने त्यांना निर्भयपणे खडसावले. अंकुशाने हत्ती ताळ्यावर यावा तसे ते संयमात स्थिर झाले. ज्या कन्येकडे जग दयेने पाहत होते, तिने एका साधूला तारले. श्वेतांबर परंपरेनुसार राजीमती मोक्षाला गेली. दिगंबर परंपरेतही आर्यिका म्हणून ती वंदनीय आहे.

आता शुभाशुभाचा प्रश्न. ज्या अध्ययनात तिचा विवाह मोडतो, तेच अध्ययन तिला सुशील आणि सर्व शुभ लक्षणांनी संपन्न म्हणते. तिच्या शोकाची तेथे नोंद आहे, तिच्या पायगुणाची नाही. मोडलेल्या लग्नाचा दोष शास्त्राने जिच्या माथी ठेवला नाही, तिच्या नावाला आपण तो का चिकटवावा? आणि नावाला चिकटवायचा नाही, तर आपल्या घरातील लेकीला तरी का चिकटवावा? सोयरीक मोडली की पेढीवर आणि नात्यागोत्यात होणारी कुजबुज मुलीच्याच वाट्याला येते, मुलाच्या क्वचित. हे आपल्या धर्माला धरून नाही.

तेव्हा आजी, नाव निःशंक ठेवावे. बाळाचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, आपल्या फईबांचा. तो मान आपल्या थोरल्या लेकीचा आहे. बारशाच्या दिवशी राजुल हे नाव तिनेच बाळाच्या कानात सांगावे.