नकाशा बदलतो, मग वस्तीला का विचारत नाही?

ऑरेंज गेट ते घाटकोपर हा पूर्व मुक्त मार्ग २०१३-१४ मध्ये खुला झाला. आता एमएमआरडीए तो छेडानगरहून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत नेत आहे. सुमारे १४ किलोमीटरचा उन्नत रस्ता! त्याच्या वाटेवर माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात इथेच आमचे १० बांधव शहीद झाले.

वस्तीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. रस्त्याच्या आड येणारी घरे आधी रिकामी झाली, कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत गेली. पक्के घर आम्हाला हवेच आहे. रस्त्यालाही आमचा विरोध नाही. पण सल्लामसलत म्हणजे तयार कागदावर सही घेणे नव्हे.

याच मार्गावरील पिंक ट्रम्पेटची १२७ झाडे वाचवण्यासाठी २०२५ मध्ये आराखडा बदलण्यात आला. चांगलेच झाले! नागरिक बोलले तर नकाशा बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले. मग तोच कान वस्तीकडेही वळला पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. पात्र-अपात्र यादी भर सभेत वाचा. अपात्र ठरलेल्याला कारण लेखी द्या. घराची चावी हातात पडेपर्यंत भाडे चालू राहील, असे करारात लिहा. कामाचा हिशेब दर तीन महिन्यांनी वस्तीत येऊन द्या.

बांधवांनो, सही करण्यापूर्वी करार वाचा, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. पुलाचे खांब दिसतात. कराराची कलमे वाचल्याशिवाय दिसत नाहीत.