अंगण आमचे, पाणी आजीच्या घरात



या वेळी आम्ही दुसऱ्या कोणाची नव्हे, तर आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहोत. आमची वस्ती शिरूर-दौंडच्या पट्ट्यातली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण ही गोष्ट आपल्यापैकी कोणाच्याही वस्तीत घडलेली असेल, नसेल तर उद्या घडेल.

आमच्या विहारापुढे मातीचे अंगण होते. कडेला पिंपळ. पावसाळ्यात चिखल व्हायचा, ग्रंथवाचनाला येणाऱ्या माता-भगिनींची लुगडी भरायची. तेव्हा समितीने ठरवले की अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवून घ्यायचे. निवेदन आम्हीच लिहिले. कारकुनी हाताला निवेदनाची सवय असतेच! निधी मिळाला, ब्लॉक बसले, नारळ फुटला. पिंपळाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट गेले. विहार कसा स्वच्छ दिसू लागला. आम्हाला धन्यता वाटली.

पुढचा वर्षावास आला. एका संध्याकाळी वाचन चालू असताना तासभर आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. विहारात थेंब नाही. परंतु खालच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो तर सत्तरीच्या एका आजीच्या घरात गुडघाभर पाणी. ज्वारीचे पोते भिजलेले, नातवाची दहावीची पुस्तके तरंगत असलेली. बाबासाहेबांची तसबीर तेवढी आजीने आधी उचलून मांडणीवर ठेवली होती. आम्ही गटारीला दोष देऊ लागलो, तेव्हा आजी म्हणाली, "बाळा, गटार तर पहिल्यापासून तीच हाय. आधी पाणी तुमच्या अंगणात थांबायचं. आता थेट माझ्या घरात पळत येतंय."

आजी शाळेत गेलेली नाही. आम्ही बी.कॉम. आहोत. पण हिशेब तिचा बरोबर होता.

घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेतली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे अंगण साठ फूट बाय चाळीस फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर अकरा हजार लिटरपेक्षा जास्त पाणी! एक मोठा टँकर भरून उरेल. मातीचे अंगण यातले बरेचसे पिऊन टाकत होते आणि उरलेले सावकाश सोडत होते. सिमेंट काहीच पीत नाही. वर चढाची घरे, त्यांचे स्लॅब, काँक्रीटचा रस्ता, हे सगळे मिळवा. असे किती टँकर आपण एकाच वेळी आजीच्या दारात रिकामे करतो?

दौंड जंक्शनवर गाडी थांबते तेव्हा पाहा. उतारू थोडे थोडे निघाले तर जिना पुरतो. सगळे एकदम जिन्याकडे धावले की रेटारेटी. माणसे तितकीच, जिनाही तोच, फरक घाईचा. पाण्याचेही तसेच आहे. पूर केवळ जास्त पावसाने येत नाही, पाण्याला घाई केल्यानेही येतो.

मग गटार मोठी करा, असे कोणी म्हणेल. जरूर करावी. परंतु किती मोठी करणार? मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारी ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काय झाले ते मुंबईत नातेवाईक असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आपला भाग तर पर्जन्यछायेतला, पूर आपल्याकडे कुठला, अशीही समजूत आहे. भीमा आणि घोड नद्यांचे पूर आपण पाहिले आहेत; पण नदीचा पूर वेगळा आणि ओढ्या-नाल्याचा वेगळा. नदीचा पूर सांगून येतो, धरणातून पाणी सोडल्याची सूचना मिळते. ओढा तासाभरात दारात उभा राहतो. २०२५ साली मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला. त्याच सुमारास दौंड-बारामती भागात असा पाऊस झाला की बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. मे महिना म्हणजे आपल्याकडे टँकरची वाट पाहण्याचा महिना!

पुण्याचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा शहरातून वाहत मुठेला मिळतो. वर्षानुवर्षे त्याच्या काठावर भराव पडले, भिंती आल्या, पात्र आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याने आपली जागा परत मागितली. अरण्येश्वर भागातल्या टांगेवाला कॉलनीसारख्या वस्तीत माणसे दगावली. त्या रात्री पुणे शहर व परिसरात मिळून वीसपेक्षा जास्त जीव गेले.

पुढे काय झाले? २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळ याच ओढ्याच्या काठची गरिबांची घरे पाडण्यास सुरुवात झाली. लोक रस्त्यावर आले, न्यायालयाने स्थगिती दिली. ओढ्याला जागा हवी, हे आम्हाला मान्य आहे. परंतु गरीब माणूस नाल्याच्या कडेला हौसेने राहत नाही. उंचावरची, कोरडी जागा त्याच्या वाट्याला कधी आली? चढावर पाणी अडवणारे पक्के बांधकाम सुरक्षित आणि उतारावरची झोपडी मात्र अतिक्रमण, हा कुठला न्याय?

या बाबतीत बाबासाहेबांनी फार पूर्वी वाट दाखवली आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांच्या प्रश्नावर परिषद झाली. जास्तीचे पाणी म्हणजे संकट, ते लवकरात लवकर समुद्रात घालवावे, अशी तज्ज्ञ समित्यांची दृष्टी होती. ही दृष्टीच चुकीची आहे, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. पाणी ही संपत्ती आहे, लोकांचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक होतात, म्हणून ते साठवा, हे त्यांचे म्हणणे. आज चीनमध्ये 'स्पंज शहरे' म्हणून शहरांत तळी, हिरवळ, पाझरणारे रस्ते करतात. मुंबईत हिंदमाताचे पाणी धरण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या. तत्त्व तेच: थांबवा, मुरवा, मग सावकाश सोडा.

आता आम्ही काय केले ते सांगतो. समितीची बैठक घेतली आणि चूक कबूल केली. थोडी कुरकुर झाली. आम्हीच लावलेले ब्लॉक आम्हीच काढायचे, लोक हसतील! तरीही पिंपळाभोवतीचे आणि उताराच्या कडेचे ब्लॉक तरुणांनी एका रविवारी काढले. तेथे शोषखड्डा घेतला. आपली काळी माती पाणी लवकर आत सोडत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल गेलो. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू. विहाराच्या पत्र्याची पन्हळ आधी पिंपात आणि पिंप भरल्यावर खड्ड्यात सोडली.

आपणही एवढे अवश्य करावे. शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर घ्या, त्यात संडास-मोरीचे पाणी सोडू नका, लहान मुले पडणार नाहीत असा झाका. अंगण पूर्ण सिमेंटचे करू नका, एक पट्टा मातीचा राखा. कॅरीबॅग गटारीत टाकू नका. गटारीची सफाई पावसाआधी व्हावी म्हणून मे महिन्यातच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. मात्र तुंबलेल्या चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि त्या चेंबरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोण उतरले हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको.

शेवटची सूचना तरुण जोडप्यांना. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत राबून पै-पै साठवून आपण एखादा गुंठा घेतो. सातबारा पाहतो, गावनकाशा पाहत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात नकाशा मिळतो, त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट स्वस्त प्लॉट दाखवतो तेव्हा तो स्वस्त का, हे आधी पाहावे.

या पावसाळ्यात पाणी आजीच्या उंबऱ्याला लागले, आत आले नाही. पाऊस कमी होता की खड्डा उपयोगी पडला, हे एका वर्षात सांगता येणार नाही. हिशेब अजून चालू आहे. परंतु नातू अकरावीला गेला आहे आणि त्याची पुस्तके कोरडी आहेत.

आपल्या अंगणातले पाणी कोणाच्या दारात जाते, हे येत्या पावसात प्रत्येकाने दारात उभे राहून पाहावे, एवढीच विनंती.

जयभीम!