धावपट्टी दिसते, माणूस दिसत नाही

१/ १५ डिसेंबर १९४४. इंग्लंडमधील ट्विनवुड फार्म येथून धुकट दुपारी एक नॉर्समन विमान फ्रान्सकडे निघाले आणि नाहीसे झाले. विख्यात बँडप्रमुख ग्लेन मिलर त्यात होता. ते उड्डाण आजही फ्लाइट सिम्युलेटरवर पुनःपुन्हा केले जाते. या छंदाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ‘गूढ’ या शब्दाशी. #थ्रेड

२/ छंदाचे श्रेय आधी देऊ. कार्बुरेटरमध्ये बर्फ साचला, की मोहीम रद्द होऊन परतणाऱ्या लँकॅस्टर विमानांनी इंग्लिश खाडीत टाकलेले बॉम्ब त्याच्यावर पडले? वेग, मार्ग, हवामान मांडून हे तर्क पडताळता येतात. एका माणसाच्या शेवटच्या तासासाठी इतकी चिकित्सा होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडणारच.

३/ मात्र ही चिकित्सा कोणाच्या वाट्याला येते? आता पूर्वेकडे या. खरगपूर, कलाईकुंडा, दुधकुंडी, पियारडोबा, चाकुलिया. १९४४ साली हे अमेरिकी बी-२९ विमानांचे तळ होते. येथूनच ५ जून १९४४ रोजी बँकॉकवर हल्ला झाला. पुढे याच विमानांनी चीनमधील चेंगदूच्या तळांवरून १५ जूनच्या रात्री जपानमधील यावाता गाठले.

४/ नवे सिम्युलेटर उपग्रहचित्रांवरून भूमी उभी करतात. वसतिगृहाच्या खोलीत बसून मीही चाकुलियाच्या परिसरावर रात्र-रात्र घिरट्या घातल्या आहेत. खाली सारे हिरवे, शांत, निर्मनुष्य. हे निर्मनुष्यपण आपण तांत्रिक मर्यादा म्हणून सोडून देतो. माझ्या मते ती एक भूमिका आहे, आणि ती तपासली पाहिजे.

५/ कारण ही भूमी निर्मनुष्य नव्हती. मेदिनीपूर जिल्हा घ्या. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या भयाने सरकारने किनारी बंगालमधील होड्या व तांदूळ हलवले. १६ ऑक्टोबर १९४२ ला भीषण चक्रीवादळ आले. डिसेंबरात तमलूकला बंडखोरांचे जातीय सरकार स्थापन झाले. १९४३ मध्ये दुष्काळ. सरकारी आयोगाने बंगालमधील मृत्यू सुमारे १५ लाख मानले. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

६/ त्याच दुष्काळाच्या पाठोपाठच्या हिवाळ्यात, त्याच जिल्ह्यात, सुमारे ६० टनांचे विमान पेलणाऱ्या धावपट्ट्या तयार होत होत्या. अमेरिकी अभियंत्यांच्या यंत्रांच्या जोडीला हजारो भारतीय मजूर होते. चेंगदूकडे तर लाखो शेतकऱ्यांनी हाताने दगड फोडले आणि प्रचंड दगडी रूळ दोरखंडांनी ओढले. ज्या पट्टीवर आपण माउस हलवून चाके टेकवतो, ती अशी घडली आहे.

७/ आणखी एक वास्तू पाहा. खरगपूरजवळची हिजली बंदीछावणी. १६ सप्टेंबर १९३१ ला तेथे पोलिसांनी निःशस्त्र राजबंद्यांवर गोळीबार केला. संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हुतात्मा झाले. महायुद्धात हीच वास्तू बी-२९ दलाचे मुख्यालय बनली आणि १९५१ साली तिच्याच आवारात देशातील पहिली आयआयटी सुरू झाली. तीन कालखंड एका भिंतीत आहेत. आपल्या पडद्यावर ती फार तर एक छप्पर असते.

८/ ‘अहो, हा खेळ आहे, खेळासारखा घ्या,’ असे म्हटले जाईल. मान्य केले असते. पण अचूकतेचा आग्रह खेळणाऱ्यांचाच आहे. विमानाच्या रंगाची छटा चुकली, एंजिनाचा आवाज वेगळा आला, तर तक्रारींचा पाऊस पडतो. जो समाज छटेसाठी भांडतो, त्याने माणूस गाळला तर त्यास अनवधान म्हणता येत नाही. ती निवड ठरते.

९/ दुसरा आक्षेप : ‘पुरावाच नाही.’ दुष्काळ आयोगाचा अहवाल १९४५ पासून छापील आहे. डोक्यावर पाट्या घेऊन धावपट्टीवर खडी टाकणाऱ्या स्त्री-पुरुषांची अमेरिकी लष्करी छायाचित्रे आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत हे खरे. परंतु नाव नसणे म्हणजे अस्तित्व नसणे नव्हे.

१०/ म्हणून शब्द नीट वापरू या. मिलरचे काय झाले हे गूढ आहे, कारण पुरावा समुद्राने गिळला. चाकुलियाच्या मजुराचे काय झाले हे गूढ नाही. तो प्रश्न आपण विचारलाच नाही. पहिल्यास अज्ञान म्हणावे, दुसऱ्यास विस्मरण. विस्मरणाला गूढतेचा रेशमी शेला पांघरला की अपराधाची टोचणी उरत नाही.

११/ मागणी माफक आहे. जुना तळ सिम्युलेटरमध्ये उभारणाऱ्याने सोबत एक पान जोडावे : ही जमीन आधी कोणाची होती, ती कशी घेतली, पट्टी कोणी बांधली. आणि आपणही जुहू, सांताक्रूझ, लोहगाव येथे विमान उतरवताना हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळेलच असे नाही. पण निदान खालची भूमी रिकामी होती, असा समज घेऊन आपण उतरणार नाही.

(समाप्त)