एका घरात एकच विश्वकर्मा?

‘पंतप्रधान विश्वकर्मा’ योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपये, १८ व्यवसाय, हत्यारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज. व्यवसायांची यादी वाचली की बलुतेदारीचे जुने दप्तर कोणीतरी धूळ झटकून पुन्हा उघडले आहे असे वाटते. तीत लोहार आहे, कुंभार आहे, परीट आहे, न्हावी आहे. इतकेच काय, शस्त्रे घडवणाराही आहे. नाही तो वेल्डर! आज तालुक्याच्या कोणत्याही गावात भात्याचा आवाज क्वचित ऐकू येईल, ग्राइंडरचा मात्र दिवसभर येतो, हे दिल्लीच्या कानी गेलेले दिसत नाही.

परंडा हे गाव धातूच्या कामाला अपरिचित नाही. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ येथल्याच किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव तोफेवर आजही वाचता येते. सुलतानांच्या राज्यात कारागिराला निदान एवढा तरी मान होता. आजच्या परंड्यात पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचे चित्र पाहा. बाप अँगल कापतो, मुलगा वेल्डिंगचा होल्डर धरतो, आई पाइपाचे दुसरे टोक सावरते आणि रात्री उधारीची वही मुलगी लिहिते. गेट, ग्रील, शटर, गोठ्याची शेड यांवर पोट चालते. पण खरी बुद्धी लागते ती निराळ्या कामाला. शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘रानात दगड फार, फण वाकतोय.’ मग खडूने जमिनीवरच आराखडा निघतो. भंगारातल्या मोटारसायकलचे कोळपे होते, एका माणसाने ओढायचे पेरणीयंत्र होते. पहिले बिघडते, दुसरे चालते, तिसरे शेजारच्या गावचा माणूस मागून नेतो. विद्यापीठांत यालाच संशोधन म्हणतात आणि त्यासाठी पगार मिळतो.

आता योजनेचा नियम असा की एका कुटुंबातील एकालाच लाभ. आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. वेल्डरने उद्या लोहार म्हणून नाव घातले, तरी वरच्या शेडमधला विश्वकर्मा कोणता ठरवायचा? होल्डर धरणारा, की पाइप सावरणारी? उत्तर ठरलेले आहे. बापाचे नाव लागेल आणि आईचे श्रम ‘घरकाम’ म्हणून गणतीबाहेर राहतील. घराण्याच्या कसबाचा गौरव करणाऱ्या सरकारला घरातील कष्टकरी मोजताना मात्र बोट एकाच्या पुढे नेता येत नाही.

ही झाली उपेक्षा. अन्याय याच्या पुढे आहे. कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान अधिकृत संस्थेचा चाचणी अहवाल असलेल्या यंत्रालाच मिळते. म्हणून शेतकरी कंपनीचे यंत्र घेतो, सार्वजनिक पैसा तालुक्यावरून पाण्यासारखा वाहून कंपनीच्या तिजोरीत जातो, आणि त्याच रानाच्या गरजेतून घडलेले यंत्र दुकानासमोर गंजत पडते. चाचणी नको असे आमचे म्हणणे नाही. उडालेल्या पात्याने कुणाचा पाय जावा असे कोणाही शहाण्यास वाटणार नाही. प्रश्न आहे तो चाचणी कोणाच्या आवाक्यात ठेवली आहे, हा. त्यात भर जीएसटीची. लोखंडावर १८ टक्के कर हे दुकान भरते; पण ४० लाखांच्या आतल्या उलाढालीमुळे नोंदणी नसेल तर तो परत मिळण्याची सोय नाही. कारखानदाराला ती आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका लोहार कारागिराने भंगारातून चारचाकी गाडी उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. सारा महाराष्ट्र गहिवरला. आम्ही त्या कारागिराच्या आनंदात वाटेकरी आहोत. पण घडले काय ते पाहा. कल्पना कंपनीच्या संग्रहात शोभेला गेली, कारागिराच्या दारात कंपनीचाच माल आला. त्याच मुलखात, किर्लोस्करवाडीत, १९१० साली औंधच्या राजाने लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिले, कर्ज दिले. त्यातून कारखाना उभा राहिला. बोलेरोतून कारखाना उभा राहत नाही. एका संस्थानिकाला जे सुचले ते लोकशाही सरकारला सुचू नये?

दोष आपल्याही पदरात आहे. डॉ. लोहियांनी १९५२ मध्ये पंचमढीला लहान यंत्राचा विचार मांडला. आपण तो ठरावांत जपला आणि कामगार संघटना मोठ्या फाटकांसमोर उभ्या केल्या. घरचेच मालक आणि घरचेच मजूर असलेल्या या माणसांना कोणत्या रकान्यात घालावे हे न उमगल्याने आपण त्यांना ‘धंदेवाले’ म्हणून सोडून दिले. त्यांच्याकडे मग गेले ते सावकार आणि उत्सव मंडळांचे वर्गणीदार.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. वेल्डिंग-फॅब्रिकेशनचा यादीत समावेश करा. घरातील प्रत्येक प्रौढ कारागिराची, स्त्रियांसह, स्वतंत्र नोंद करा. शासकीय आयटीआयमध्ये तालुक्याच्या पातळीवर अल्प शुल्कात यंत्रांची चाचणी सुरू करा, आणि जे यंत्र उतरेल ते घडवणाऱ्याच्या नावासह अनुदानाच्या यादीत घाला. पुढच्या पेरणीआधी परंड्याच्या तहसील कचेरीवर हे निवेदन जाणार असेल, तर ते नेणाऱ्यांत दुकानांतल्या बायका पुढे असाव्यात.