नमुना वॉर्डातच मरतो

जंतूंचे ठसठशीत, करड्या रंगाचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो. ते बहुतेक वेळा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेले असतात. यंत्राचे कौतुक होते. नमुना तयार करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

मी हे माझ्याच चुकीतून शिकलो. निवासी डॉक्टर असताना रुग्णाच्या लघवीच्या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा, तुकडा मी कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवला. मे महिना होता. तुकडा दुपारभर टेबलावर पडून राहिला. पडद्यावर दिसली ती आटलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली खपली. जंतू ओळखूच येईनात. तंत्रज्ञ काका एवढेच म्हणाले, ‘‘डॉक्टर, हे वॉर्डातच मेलं.’’

या यंत्रात निर्वात पोकळी लागते, म्हणून नमुन्यातले पाणी आधी काढावे लागते. पण पाणी उडून जाताना त्याचा पृष्ठताण नाजूक पेशींना ओढून चुरगाळतो. म्हणून नमुना घेतल्याबरोबर ग्लुटारल्डिहाइडमध्ये टाकायचा, मग तीस, पन्नास, सत्तर असे करत शंभर टक्के अल्कोहोलपर्यंत न्यायचा. शेवटी अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरणांच्या दाबापलीकडे त्यात द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही. थॉमस अँडरसन यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही चालते. त्यानंतर सोन्याचा अतिसूक्ष्म थर. इतके करूनही जंतूंभोवतीचा बुळबुळीत थर आकसतोच. फोटोतले धागे बऱ्याचदा त्याचेच अवशेष असतात.

पुढच्या वेळी काकांनी सांगितले तसे केले. नळीच्या आत जंतूंची दाट वस्ती दिसली. तो फोटो मी वॉर्डात लावला, तेव्हापासून सिस्टर रोज राउंडला विचारू लागल्या, ‘‘सर, या पेशंटची नळी आज काढायची का?’’ व्याख्यानांनी हे झाले नव्हते.

म्हणून माझा आग्रह आहे: कोट्यवधींचे यंत्र घेताना त्याच प्रस्तावात रसायने, सिलिंडर आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञाचे पद मंजूर करा. उद्घाटनाला हार यंत्राला पडतो, आणि वर्षभराने काका निवृत्त झाले की ते खोलीत धूळ खात बसते.

आमच्या वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ग्लुटारल्डिहाइडची बाटली असते. तिच्यावरची तारीख मी अजूनही स्वतः पाहतो.